तिच्या हातातलं कोपर

त्या वर्षी मला एका माइकचा हेवा वाटायचा. पत्र्याच्या शेडमध्ये, पेंडीच्या पोत्यांना टेकून ठेवलेला साधा माइक, धूळ जाऊ नये म्हणून त्याला लाल फडकं गुंडाळलेलं. ती तो दोन्ही हातांनी धरायची, ओठांशी न्यायची आणि म्हणायची, "लक्ष द्या, लक्ष द्या. टाकीजवळच्या दावणीवाल्यांनी पेंड घेऊन जावी. लेकराबाळांना पाठवू नये, मोठ्या माणसानं यावं." हिरवं काहीही न उरलेल्या त्या माळावर सगळी माणसं तिचं ऐकायची. मीही ऐकायचे. मला पेंड नको होती, एवढाच फरक.

चारा छावणी आमच्या गावच्या दूध संस्थेनं उघडली होती, सिरसाळ्याच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या पडीक जमिनीवर. माझे वडील संस्थेचे सेक्रेटरी. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला होता, उभा ऊस साखरेऐवजी जनावरांच्या तोंडात जात होता, आणि तोडीला गेलेली कुटुंबं नेहमीपेक्षा लवकर परत येऊन आपल्या गाईबैलांसोबत छावणीतच मुक्कामाला होती. संस्थेला घोषणा करायला माणूस हवा होता. एका मेंढपाळाच्या घरातली मुलगी, अंधशाळेत शिकून आलेली, आवाज स्वच्छ, घरी बसून असलेली. तिला ठेवलं. पण कुणाला किती चारा मिळाला, कुणाची गाय आजारी आहे, हे कागदावर यायचं. ते तिला वाचून दाखवायला मला बसवलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पदवी झालेली आणि तिच्यासारखीच घरी बसून असलेली.

ती पूर्ण आंधळी. मी डोळस. निदान वडिलांनी सगळीकडे तसंच सांगितलं होतं.

खरं असं होतं की मला समोरचं दिसायचं आणि कडेचं दिसायचं नाही. कागदाची पुंगळी करून तिच्यातून बघावं, तसं. पुंगळीत जे मावेल ते अगदी स्पष्ट, बाहेरचं काहीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही पुंगळी हळूहळू अरुंद होत जाणार. संध्याकाळ झाली की तेही जायचं, मग मी भिंतीला हात लावत घरात फिरायचे. शाळेत मला शिष्ट म्हणायचे, कारण शेजारून कुणी हात केला तरी मी बघायचे नाही. ते मला सोयीचं पडलं. शिष्ट मुलीला कुणी जास्त काही विचारत नाही. वडील एवढंच म्हणाले होते, "तुझं लग्न व्हायचंय. ही गोष्ट घराबाहेर जायची न्हाई." लग्नाबद्दल त्यांना न सांगितलेली दुसरी गोष्टही माझ्यापाशी होती. ती घरातही कुणाला माहीत नव्हती.

छावणीत तिला सगळे माइकवाली म्हणायचे. म्हाताऱ्या बाया शेडच्या दारात येऊन ओरडायच्या, "अगं माइकवाले, माझं वासरू सुटून गेलंय, जरा बोंब मार की!"

"कसलं वासरू, मावशी? रंग सांगा."

"तांबडं. कपाळावर पांढरं."

"तांबडं म्हंजी कसं ते मला काय म्हाईत? नाव सांगा, नावानं हाका मारते."

आणि ती खरंच माइकवरून वासराला नावानं हाका मारायची. सगळी छावणी हसायची. मी तिच्या शेजारी बसून कागद चाळत असायचे आणि मनात म्हणायचे, माझं नाव घे ना असं एकदा, सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्यानं.

दुपारी चारा वाटप झालं की आम्ही दोघी दावणींतून चक्कर मारायचो. ती माझं कोपर धरायची. आंधळ्या माणसाला हाताला धरून ओढायचं नसतं, त्यानं आपलं कोपर धरायचं आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं, हे तिनंच मला पहिल्या दिवशी शिकवलं. "मला गाठोडं समजून ओढू नको. कोपर दे." बोटं हलकी, अंगठा बाहेरच्या बाजूला. घरी गेल्यावर मी कपडे बदलायचे तेव्हा त्या जागेवर हात ठेवून बघायचे. त्या हाताचे मी काय काय अर्थ लावले असतील, ते इथे लिहीत नाही.

एका रविवारी दुपारी तिनं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. "ऐक. पर पोटात ठेव. वाचणाऱ्यानं सगळं पोटात ठेवायचं असतं." दुसरं टोक तिच्या कानात. फोनवर बरीच माणसं एकाच वेळी जोडलेली होती. सगळी आंधळी किंवा अधू नजरेची, आणि सगळी अशी की ज्यांचं प्रेम घरच्यांनी मांडलेल्या हिशेबात बसत नव्हतं. कुणी मालिश करणारा, कुणी बँकेत फोन घेणारा, एक तृतीयपंथी ताई जिला फक्त उजेड-अंधार कळायचा. सुरुवातीला हजेरी व्हायची. हजेरीत दोन गोष्टी सांगायच्या, किती दिसतं आणि मन कुणात आहे. बाकी जात, गाव, पगार कुणी विचारायचं नाही.

तिची पाळी आली. शेडमध्ये माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली ती हळू आवाजात म्हणाली, "काहीच दिसत न्हाई. मन बायांत." एवढंच. पेंडीचा वास, पत्र्यावर तापलेलं ऊन, आणि माझ्या कानात तिचा आवाज दोनदा, एकदा फोनमधून आणि एकदा शेजारून.

"आणि तुझ्यासोबत कोण श्वास घेतंय?" गट चालवणाऱ्यानं विचारलं.

"माझी वाचणारी. डोळस हाय, पर चांगली हाय."

सगळे हसले. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं, असं आज कुणीही म्हणेल. मी उघडलं नाही. मी डोळस मदतनीस म्हणून त्या गटात शिरले आणि तशीच राहिले. शहरातल्या समलिंगी लोकांच्या संस्था आपल्या सगळ्या सूचना रंगीत चित्रांतून पाठवायच्या, आणि यांचा फोन त्यावर नुसतं "चित्र" असं म्हणून गप्प व्हायचा. मी ती चित्रं वाचून दाखवायचे. मग त्या संस्थांना इंग्रजीत मेल लिहायचे, की कृपया मजकूर चित्रात टाकू नका, मोर्चाचा रस्ता आधी लिहून कळवा, चालताना धरायला दोर तरी ठेवा. उत्तरं गोड यायची. पुढच्या वेळी पुन्हा चित्रच यायचं.

काम मला आवडायचं. पण दर रविवारी हजेरीत माझी पाळी यायची नाही. ही माणसं एकमेकांची होती. मला त्यांच्या आंधळेपणाचा हेवा वाटायचा. हे वाक्य वाचून कुणाला राग येईल, पण ते तसंच होतं. त्यांना शाळा होती, वसतिगृह होतं, ब्रेल होतं, एकमेकांच्या थट्टा होत्या. माझ्याकडे फक्त पहिला बाक होता आणि चष्मा विसरल्याची सबब.

सगळ्यात जास्त हेवा एका आवाजाचा. नाशिककडची एक मुलगी, हिच्याच वसतिगृहातली, दोघींच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. हजेरी झाली की ती सुरू व्हायची. "ए भवाने, पेंड खाऊन जाड झालीस का?"

"तू ये की बघायला. हात लावून बघ."

"वॉर्डनबाईंची चप्पल आठवते का?"

"फट् फट् फट्!" हिनं चपलेचा आवाज काढून दाखवला, आणि दोघी हसत सुटल्या. दिवे घालवल्यावर पांघरुणात बोटांनी गोष्टी वाचायच्या, असं त्या सांगायच्या. वॉर्डनला अंधारात काही दिसायचं नाही आणि त्यांना दिव्याची गरज नव्हती. मला वाटायचं, मी तिथे असते तर अंधारात मीही आंधळी असते.

मधल्या दिवसांत नाशिककडची संदेश लिहून पाठवायची. ही आपला फोन कमालीच्या वेगानं ऐकायची, माझ्या कानाला तो गांधीलमाशीच्या गुणगुणीसारखा लागायचा. म्हणून ही माझ्यादेखत, मोठ्यानं, बिनधास्त ऐकायची आणि मध्येच गालात हसायची. हिच्या सगळ्या कागदांची मी वाचणारी, आणि हे मात्र मला वाचता येत नव्हतं.

"काय म्हणते?" मी एकदा विचारलंच.

"म्हणते, छावणी उठल्यावर पुण्याला ये. फोनवरचं काम हाय. खोली हाय, दोघींत राहू."

"मग?"

"मग काय. पाऊस पडला की छावणी उठणार. माझा माइक तुझे वडील घरी न्हेणार. मी काय करू हितं, मेंढरांना घोषणा देऊ?"

त्या दिवसापासून छावणीतली सगळी माणसं आभाळाकडे बघून पाऊस मागत होती आणि मी एकटी मागत नव्हते.

मग बीडची बैठक ठरली. अंधांच्या एका संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटायचं होतं. मागणी साधी होती. आंधळ्या माणसाचे संदेश, कागद, बँकेचं पत्र कुणीतरी वाचून द्यावं लागतं, आणि वाचणारा बहुतेक वेळा भाऊ, काका नाहीतर संघटनेचा कार्यकर्ता. त्यानं त्यात काही वेगळं वाचलं की तो थेट घरी सांगतो. गटातल्या एकाला त्यामुळेच घर सोडावं लागलं होतं. संघटनेनं आपल्या वाचणाऱ्यांकडून वचन घ्यावं की वाचलेलं बाहेर जाणार नाही, इतकंच. आम्ही दोघी सिरसाळ्याहून गाडीनं गेलो, गटातले आणखी तिघं आपापल्या गावाहून थेट आले. नाशिककडची सरळ बीडला उतरणार होती आणि मग आमच्याबरोबर छावणी 'बघायला' येणार होती.

एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. अध्यक्ष स्वतः आंधळे, वयस्कर, आवाज भारदस्त. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "हे बघा, आपल्या लोकांना आधीच कमी अडचणी नाहीत. आणि असलं काही आपल्यात नसतंच."

नाशिककडची म्हणाली, "सर, आत्ता तुमच्यासमोर पाच जण बसलेत."

"कुठं? मला तर एकही दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळा हॉल हसला, आमची माणसंही. मला कळेना की यावर हसायचं असतं की नाही. मग ती म्हणाली, "म्हणूनच आवाज ऐकवायला आलोय, सर." वचनाचं बघू, अध्यक्ष म्हणाले. सरळ नकार नव्हता. सगळे तिचं कौतुक करायला लागले. मीही टाळ्या वाजवल्या. तिचा आवाज फोनमधल्यापेक्षा चांगला होता, ते मला अजिबात आवडलं नाही.

जेवणं झाली. मी हॉलच्या दाराशी कागद गोळा करत होते. मान वर केली, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या उजेडात, माझ्या पुंगळीत नेमकं एवढंच मावलं. एक कोपर. त्यावर तिचा हात. बोटं हलकी, अंगठा बाहेरच्या बाजूला. कोपर नाशिककडचीचं होतं. दोघी चालल्या होत्या आणि ही तिच्या कानाशी काहीतरी बोलत हसत होती.

मी परत खाली कागदांकडे बघितलं. मग पूर्ण दुपार मी हिच्याशी एक अक्षर बोलले नाही. तिनं दोनदा विचारलं, "कावून गप हायेस?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

संध्याकाळी आम्ही तिघी स्टँडवर बाकावर बसलो होतो. परळीच्या गाडीला उशीर होता. ऊन उतरत चाललं होतं, म्हणजे माझं दिसणंही. नाशिककडची छावणीबद्दल प्रश्न विचारत होती. किती जनावरं, वास कसा येतो, रात्री गाई ओरडतात का. ही तिला हौसेनं सांगत होती. "उद्या तुला सगळ्या दावणी फिरवून आणते."

"कोपर कुणाचं धरून?" मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. दोघी थांबल्या.

"म्हंजी?" ही म्हणाली.

"म्हणजे दुपारी तिचं धरून हिंडत होतीस. हॉलभर. सगळ्यांसमोर. हसत होतीस."

"तिचं? आणि माझं कुणी धरलं होतं, ते न्हाई बघितलं?"

"तुझं?"

"अगं, आमची रेल्वे झाल्ती! हात धुवायला नळाकडं चाललो होतो. म्होरं मालिशवाला, त्याच्या मागं ताई, मग ही, मग मी, माझ्या मागं बँकवाला. शाळेत जेवायला जाताना असंच जायचो. मालिशवाला नळाकडच्या दारावर आपटला, म्हणून हसत होतो. तू तिथंच तर उभी होतीस."

मी पिशवीतले कागद नीट करायला लागले.

नाशिककडची हळू आवाजात, थट्टा न करता म्हणाली, "एवढी मोठी रेल्वे. हिला त्यातला एकच डबा दिसला."

स्टँडवर कुणीतरी लाउडस्पीकरवरून गाड्या सांगत होतं, पुरुषाचा आवाज, घाईचा. एकाच वाक्यात माझ्या दोन्ही गोष्टी बाहेर पडल्या होत्या, किती दिसतं ती आणि मन कुणात आहे ती. हजेरी न लावता मी हजेरी देऊन बसले होते, आणि तीही जिचा हेवा करत होते तिच्यासमोर.

"मला कडेचं दिसत नाही," मी म्हणाले. "आणि अंधारात काहीच नाही."

"अंधाराचं मला म्हाईत हाय," ही म्हणाली. "संध्याकाळी छावणीत तू अर्धं पाऊल मागं राहतीस. कोपर माझ्या हातात असतं, पर चालवत मी असते. मला वाटलं, सांगशील कधीतरी."

"हिलाही सांगितलंस?"

"न्हाई. तुझी गोष्ट तू सांगायची. वाचणाऱ्यानंच पोटात ठेवायचं असतं का फक्त?"

तेवढ्यात गाडी लागली. लोक धावले. एका बाईच्या पिशवीनं मला बाकाकडे ढकललं, आणि मी वर बघितलं तेव्हा उजेड गेलेला होता. सगळं राखाडी, माणसं म्हणजे नुसते हलणारे डाग. ही गर्दीत पुढे सरकली होती, तिचा आवाज दाराकडून येत होता. मी हात पुढे करून उभी राहिले. याआधी अशा वेळी मी मोबाइल बघायचं नाटक करायचे, गर्दी कमी होईपर्यंत.

"मला दिसत नाहीये," मी मोठ्यानं म्हणाले. "कोपर द्या कुणीतरी."

शेजारून एक कोपर माझ्या हाताला लागलं. नाशिककडचीचं. धरण्यावाचून इलाज नव्हता. साधं, हाडकुळं कोपर होतं, कॉटनच्या बाहीत. मी बोटं हलकी ठेवली आणि अंगठा बाहेर. ती अर्धं पाऊल पुढे चालू लागली, काठी टकटक करत, लोकांना म्हणत, "बाजूला व्हा, आमची गाडी येतेय." तिच्या कोपरात माझ्यासाठी काहीही नव्हतं, आणि चढायची पायरी मात्र तिनं बरोबर दाखवली. म्हणजे दुपारी हिलाही कदाचित एवढंच मिळालं असेल. हा विचार मी पायरीवरच मनात घट्ट धरून ठेवला.

आत कंडक्टर आला. हिनं सवलतीचं कार्ड काढलं, नाशिककडचीनं तिचं काढलं. सोबत्याला तिकिटात सूट असते. आजवर सोबती म्हणून मी माझा हात वर करायचे.

"दोन कार्डं हायेत. सोबती कुठंय?" कंडक्टर म्हणाला. "तिघींत डोळस कोण हाय?"

दोघी काही बोलल्या नाहीत. माझ्यासाठी थांबल्या होत्या, ते मला कळलं.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

"कुणीच न्हाई? मग सोबती कोण?"

"काका, तुमीच व्हा की," ही म्हणाली. आजूबाजूचे हसले.

"मला मशीनमध्ये दाबावं लागतं, बाई. हिचं कार्ड?"

"अजून काढलं नाही," मी म्हणाले.

"मग फुल तिकीट."

"द्या."

पुढे वडवणीपर्यंत कुणीतरी मागच्या सीटवर पावसाबद्दल बोलत होतं. ढग जमतात आणि जातात. नाशिककडचीनं हिला विचारलं, "मग छावणी उठल्यावर येतेस ना पुण्याला?"

हिचा हात अंधारात आला, माझं कोपर चाचपलं आणि तिथंच राहिला. आता आम्ही चालत नव्हतो, कुठं वळायचं नव्हतं, दार नव्हतं, पायरी नव्हती.

"बघू," ही म्हणाली. "आधी रविवारी हिची हजेरी होऊ दे."

खिडकीची जागा मात्र नाशिककडचीनं पटकावली होती. वारं सगळं तिलाच लागत होतं, आणि त्याचाही मला राग येत होता.